चोवीस सेंटिमीटरचा पाय आणि साडेपंचविसाचा बूट: मापे बदलून देणाऱ्या एका ॲपचे परीक्षण

कपड्यांची आणि पादत्राणांची मापे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत करून देणारे एक ॲप मी गेले सात महिने वापरत आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच्यात जे खटकले ते याच जातीच्या इतर तक्त्यांतही मला कमीअधिक दिसले आहे आणि एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. मांडणी सुटसुटीत आहे. पहिल्या पानावर वस्तू निवडायची, कोणत्या पद्धतीचा नंबर हाताशी आहे ते सांगायचे आणि नंबर टाकायचा, की खाली एका ओळीत बाकीच्या पद्धतींचे नंबर येतात. दुसरे पान टेपने घेतलेले माप भरण्यासाठी आहे. ते उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमागे दडवून ठेवलेले आहे आणि मला ते सापडेपर्यंत बुटांचा एक जोड परत पाठवून झाला होता.

त्या जोडाची हकिकत आधी सांगते, कारण ॲपचा मुख्य दोष तिच्यातच उघड होतो. माझ्या पायाचा युरोपीय नंबर ३८ आहे, एवढेच मला ठाऊक होते. चालण्यासाठी जे बूट घ्यायचे होते त्यांवर जपानी पद्धतीचे, म्हणजे नुसत्या सेंटिमीटरचे नंबर होते. ॲपमध्ये ३८ टाकल्यावर इंग्लिश ५, अमेरिकी ७ आणि ‘सेंटिमीटर २५.३’ अशी ओळ आली. मी साडेपंचविसाचा जोड मागवला. नाड्या कितीही आवळल्या तरी प्रत्येक पावलाला टाच बुटातून वर येत होती आणि टाचेमागच्या फटीत तर्जनी सहज उतरत होती. तेव्हा कुठे मी कागदावर पाय ठेवून माप घेतले. ते भरले २४ सेंटिमीटर.

२५.३ हा आकडा ॲपने हवेतून काढलेला नव्हता. युरोपीय नंबर ज्या एककाने मोजतात त्याला पॅरिस पॉइंट म्हणतात आणि तो सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश, म्हणजे ६.६७ मिलिमीटरचा असतो. ३८ नंबर म्हणजे असे ३८ पॉइंट. ३८ ला दीडने भागले की २५.३ येतात. हिशेब चोख आहे. चुकले आहे ते इतकेच की हे २५.३ सेंटिमीटर कशाचे, ते ॲप सांगत नाही. पायाच्या आकाराच्या ज्या ठोकळ्यावर बूट चढवून बेततात त्या ठोकळ्याची, म्हणजे फर्म्याची, ती लांबी आहे. बोटांना पुढे सरकायला जागा हवी म्हणून फर्मा पायापेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर लांब ठेवतात आणि निमुळत्या टोकाच्या बुटांत तो त्याहूनही लांब असू शकतो. शिवणकामात जशी माया सोडतात तसाच हा प्रकार आहे. जपानी नंबर मात्र पायाचीच लांबी सांगतो. त्यात माया धरलेली नसते. ॲपने माया धरलेला आकडा दिला, मी तो बिनमायेचा समजले आणि बूट करणाऱ्याने त्यावर पुन्हा आपली माया सोडली.

या ॲपबद्दल माझे जे म्हणणे आहे ते याच प्रसंगातून निघते. ते नंबराचा नंबर करून देते, पण प्रत्येक पद्धतीतला नंबर वेगळ्या गोष्टीचे माप असतो, याची नोंद त्यात कुठेच नाही. कुठे पाय मोजलेला असतो, कुठे फर्मा, कुठे छातीचा निम्मा घेर. आणि काही ठिकाणी, विशेषतः स्त्रियांच्या कपड्यांत, नंबर आता कशाचेच माप राहिलेला नाही. जिथे नंबराच्या मागे खरे माप आहे तिथे हे ॲप बऱ्यापैकी काम देते आणि जिथे ते नाही तिथेही ते तेवढ्याच आत्मविश्वासाने, दशांश चिन्हासकट उत्तर देते.

पादत्राणांचा विभाग त्यातल्या त्यात चांगला आहे, म्हणून तो मी जरा कसून तपासला. इंग्लिश पद्धतीचे एकक जवाचा दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, ८.४७ मिलिमीटर. मोजणी चार इंचांपासून सुरू होते, लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून आकडे लागतात. म्हणून मोठ्यांचा इंग्लिश नंबर काढायचा तर फर्म्याची इंचांतली लांबी तिप्पट करून त्यातून २५ वजा करायचे. ॲप हेच सूत्र वापरते, हे दोनचार नंबर कागदावर सोडवून पाहिल्यावर लक्षात आले. मग मी त्याला उलटसुलट फिरवले. इंग्लिश ६ टाकला, तेव्हा युरोपीय ३९ आले. तेच ३९ परत टाकले, तर इंग्लिश साडेपाच आले. अर्धा नंबर वाटेत गळाला. कारण सरळ आहे: इंग्लिश ६ चा फर्मा २६२.५ मिलिमीटरचा, त्याचे पॅरिस पॉइंट ३९.३७, ते ॲपने ३९ वर आणून ठेवले. आणि ३९ चा फर्मा २६० मिलिमीटरचा असल्याने परतीच्या वाटेवर त्याला साडेपाच अधिक जवळचे वाटले. दोन पट्ट्यांवरच्या रेघा एकमेकींसमोर येत नाहीत, त्यामुळे कुठेतरी ओढाताण होणारच, आणि त्यासाठी मी ॲपला दोष देत नाही. पण ‘सुमारे’ हा एक शब्द किंवा आजूबाजूचे दोन नंबर दाखवण्याची सोय असायला हवी होती. ६ आणि ३९ यांच्यामध्ये ॲप जे बरोबरचे चिन्ह घालते ते खोटे आहे.

लहान मुलांच्या नंबरांत याहून मोठा खड्डा आहे. इंग्लिश पद्धतीत आकडे दोनदा येत असल्याने १ नंबरही दोन असतात. पहिल्या १ चा फर्मा ११० मिलिमीटरचा, म्हणजे नुकत्या चालू लागणाऱ्या बाळाहूनही लहान बाळाचा. दुसऱ्या १ चा २२० मिलिमीटरचा, बरोब्बर दुप्पट, शाळकरी मुलाचा. ॲपमध्ये १ टाकल्यावर ते मुकाट्याने युरोपीय ३३ दाखवते, म्हणजे दुसरा अर्थ धरते, विचारत नाही. अमेरिकी नंबरांबाबतही असेच. पुरुषांचा अमेरिकी नंबर इंग्लिशपेक्षा साधारण एकाने पुढे असतो आणि स्त्रियांचा पुरुषांच्या नंबरापेक्षा आणखी एक ते दीडने पुढे. बूट कोणाचा, हा प्रश्न ॲपमध्ये आहे, पण त्याचे उत्तर आधीच ‘पुरुष’ असे निवडून ठेवलेले असते आणि प्रत्येक वेळी ते बदलावे लागते.

रुंदीची रकाना मुळातच नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. बुटांच्या दुकानांत धातूचे जे सरकपट्टीचे उपकरण दिसते, ते अमेरिकेतल्या सिराक्यूज शहरातल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केले. ते तीन मापे घेते: टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी. शंभर वर्षांपूर्वी दुकानदाराला जे कळत होते ते आजच्या ॲपला कळत नसावे, याचे नवल वाटते. आंतरराष्ट्रीय मानकाची मॉन्डोपॉइंट ही पद्धतही पायाची लांबी आणि रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये देते. २४०/९५ असे लिहिले की २४० मिलिमीटर लांब आणि ९५ मिलिमीटर रुंद पायाचा बूट, इतका सरळ अर्थ होतो. लष्करी बूट आणि बर्फावरच्या स्कीचे बूट यांना ही पद्धत सर्रास वापरतात. ॲपच्या यादीत मॉन्डोपॉइंट आहे, पण तिथेही तिरक्या रेघेपुढचा आकडा गाळलेला आहे. २०१५ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने केवळ पादत्राणांच्या मापांच्या रूपांतरासाठी वेगळा तांत्रिक दस्तऐवज काढला, तेव्हा या कामाचा पाया कुणी घालून दिला नव्हता, असे म्हणायचीही सोय नाही.

आता कपडे. पुरुषांच्या कोटांचा विभाग पहिल्या दृष्टीला बिनचूक वाटतो. इंग्लिश आणि अमेरिकी नंबर म्हणजे छातीचा घेर इंचांत. युरोपीय नंबर म्हणजे छातीचा निम्मा घेर सेंटिमीटरमध्ये. ४० इंच म्हणजे १०१.६ सेंटिमीटर, त्याचे निम्मे ५०.८, म्हणून ५०. यावरून इंग्लिश नंबरात १० मिळवले की युरोपीय नंबर आला, असा एक सोपा आडाखा पडला आहे आणि ॲप तोच वापरते. अडचण अशी की हा आडाखा चाळिशीच्या आसपासच खरा ठरतो. इंग्लिश नंबर दोनने वाढला की घेर ५ सेंटिमीटरने वाढतो, युरोपीय नंबर दोनने वाढला की ४ सेंटिमीटरने; त्यामुळे दोघे बरोबर निघाले तरी पुढे पुढे एक जण मागे पडत जातो. माझ्या भावाची छाती ११२ सेंटिमीटर, म्हणजे ४४ इंच आहे. ॲपने त्याला युरोपीय ५४ सांगितले. ५४ चा कोट १०८ सेंटिमीटर छातीसाठी बेतलेला असतो. त्याला हवा होता ५६. बुटांच्या प्रसंगानंतर मी शहाणी झाले होते, म्हणून कोट मागवण्यापूर्वी गणित केले, नाहीतर त्याचे बटण लागले नसते. अर्थात अनेक कापडउद्योग स्वतःच्या तक्त्यातही हाच आडाखा वापरतात, त्यामुळे ५४ लिहिलेला एखादा कोट त्याला नेमका बसलाही असता. पण तो योगायोग झाला असता.

शर्टाच्या गळ्याबद्दल तक्रार नाही. तिथे इंचांचे सेंटिमीटर करायचे असतात आणि साडेपंधरा इंचांचे ३९ सेंटिमीटर होतात, त्यात चुकण्यासारखे काही नाही. टोपीही तशीच. टोपीचा अमेरिकी नंबर म्हणजे डोक्याच्या घेराचा इंचांतला व्यास. ५७ सेंटिमीटरचे २२.४४ इंच, त्याला π ने, म्हणजे ३.१४ ने भागले की ७.१४ येतात, आणि ॲप त्याचा सात-पूर्णांक-एक-अष्टमांश असा नीट अपूर्णांक करून दाखवते. इतका नेटका विभाग ॲपमध्ये दुसरा नाही आणि टोप्या मागवणारे मात्र फारच थोडे असावेत. पँटच्या कमरेचा नंबर इंचांत असतो, म्हणून ॲप ३२ चे ८१ सेंटिमीटर करते; हिशेबाने ते बरोबरच आहे, पण माझ्याकडच्या ३२ लिहिलेल्या एका पँटचा कमरपट्टा सपाट पसरून मोजला तेव्हा तो साडेचौतीस इंच भरला. पट्टीवर लिहिलेले माप आणि कापडाचे माप यांतले हे अंतर कोणतेही रूपांतर भरून काढू शकत नाही.

स्त्रियांच्या कपड्यांत हे अंतर इतके वाढले आहे की तो विभाग ॲपने सरळ काढून टाकला तरी चालेल. जर्मन पद्धतीला निदान एक सूत्र आहे: छातीच्या घेराच्या निम्म्यातून ६ वजा करायचे. ८८ सेंटिमीटर छातीला ३८ नंबर येतो. त्याच अंगाचा फ्रेंच नंबर ४०, इटालियन ४४ आणि इंग्लिश १२. ॲपमध्ये मात्र या तिघा युरोपीय पद्धतींसाठी मिळून ‘युरोपीय’ अशी एकच रकाना आहे आणि ती जर्मन हिशेबाने चालते. फ्रेंच बनावटीच्या कपड्यावर ३८ लिहिलेले असेल तर तो जर्मन ३६ असतो, म्हणजे इंग्लिश १०. ॲप त्याला १२ म्हणते. इटालियन कपड्याच्या बाबतीत तर तीन नंबरांची तफावत पडते. कपड्याच्या आतल्या पट्टीवर बहुधा देशाचे आद्याक्षर छापलेले असते. ते विचारून घेण्यासाठी एक जादा रकाना पुरली असती.

अमेरिकी नंबरांची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि तिची मला या निमित्ताने गंमत वाटली. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जवळजवळ १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली होती. त्या पाहणीच्या आधारे १९५८ मध्ये स्त्रियांच्या तयार कपड्यांचे मानक ठरले. पुढे ते सुधारले गेले आणि १९८३ मध्ये मागे घेतले गेले, कारण उद्योग ते पाळेनासाच झाला होता. लहान नंबराचा कपडा बसला की गिऱ्हाईक खूश होते, हे विकणाऱ्यांच्या लक्षात आले आणि नंबर तोच ठेवून कापड सैल होत गेले. सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या १९३७ च्या कॅटलॉगमध्ये ३२ इंच छातीच्या पोशाखाला १४ नंबर होता. १९६७ मध्ये त्याच छातीला ८ नंबर होता आणि २०११ पर्यंत तो शून्यावर आला होता. छाती होती तिथेच राहिली. अशा नंबराचे रूपांतर करायचे म्हणजे सरकत्या जमिनीवर खांब रोवायचा. ॲप मात्र अमेरिकी ८ बरोबर जर्मन ३८ असे निःशंकपणे सांगून मोकळे होते.

अंतर्वस्त्रांच्या विभागात एक निव्वळ निष्काळजीपणा आहे. घेराचे आकडे ॲप बरोबर बदलते. इंग्लिश ३४ चे युरोपीय ७५ आणि फ्रेंच ९० करते. पण कपची अक्षरे जशीच्या तशी पुढे ढकलते. डी पर्यंत ते खपून जाते. त्यापुढे इंग्लिश क्रमात डबल डी येतो आणि मग ई. युरोपीय क्रमात डी नंतर थेट ई. म्हणजे इंग्लिश ई हा युरोपीय एफ असतो. ॲप ई ला ई म्हणते, आणि ज्यांना योग्य माप मिळणे आधीच कठीण असते त्यांनाच ही चूक भोवते.

लहान मुलांच्या कपड्यांचा विभाग मात्र मनापासून आवडला. इथे ॲप वय न विचारता उंची विचारते. युरोपीय पद्धतीत मुलांच्या कपड्यांचा नंबर म्हणजे सेंटिमीटरमधली उंची: १०४, ११०, ११६ असा सहासहाच्या टप्प्याने. भाचीला भिंतीला टेकवून उभे केले, डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलीने खूण केली, १०८ भरले. ॲपने ११० सुचवले आणि खाली ‘मूल वाढते आहे, मोठा टप्पा घ्यावा’ अशी एक ओळ दिली. साऱ्या ॲपमध्ये माणसाने माणसाशी बोलावे अशी ही एकच ओळ आहे. फ्रॉक नीट बसला, हाताच्या बाह्या किंचित लांब झाल्या, त्या तिने स्वतःच दुमडून घेतल्या.

राहिले ते टिंबांमागचे दुसरे पान. खरे तर तेच पहिले असायला हवे होते. तिथे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि अंगाचे घेर सेंटिमीटरमध्ये भरायचे असतात आणि उत्तर त्या मापावरून निघते. माप कसे घ्यावे याची सूचना तिथे त्रोटक आहे, म्हणून स्वतःच्या चुकांवरून सांगते. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहावे, बसून घेतलेले माप कमी भरते. पेन्सिल उभी धरावी. तिरकी धरली तेव्हा माझ्या पायाची लांबी चार मिलिमीटरने वाढली, म्हणजे इंग्लिश पद्धतीत जवळजवळ अर्ध्या नंबराने. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. आणि दोन्ही पाय मोजावेत. माझा डावा २४० आणि उजवा २३६ निघाला. ॲप एकच आकडा विचारते. मोठा भरावा, हे ते सांगत नाही.

या पानावर २४० भरल्यावर जपानी २४, मॉन्डोपॉइंट २४० आणि युरोपीय ३८ अशी उत्तरे आली, आणि ती तिन्ही बरोबर आहेत. म्हणजे एकाच ॲपच्या पहिल्या पानावर ३८ चे २५.३ सेंटिमीटर होतात आणि दुसऱ्या पानावर २४ सेंटिमीटरचे ३८ होतात. बदलून मागवलेला २४ चा जोड मी आता रोज घालते. पाचांत गुण द्यायचे तर दुसऱ्या पानाला चार देईन, पहिल्याला दोन.

ही विसंगती मी बनवणाऱ्यांना दोन ओळींत कळवली होती. तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. पहिल्या पानावर ‘सेंटिमीटर’ या शीर्षकाखाली आता बारीक अक्षरांत ‘अंतर्गत लांबी’ असे लिहिलेले आहे. आकडा २५.३ च आहे.